चौथीच्या वह्या आणि पाचवीचा जून

पाचवीचा वर्ग यंदाही माझ्याकडे आहे. त्याच्या तयारीसाठी मी सर्वांत आधी मागून घेतल्या त्या याच मुलांच्या चौथीतल्या गणिताच्या वह्या. वार्षिक परीक्षा संपली की मुले वह्या घरी नेतात आणि मे महिन्याच्या आवराआवरीत त्या रद्दीत जातात. म्हणून चौथीच्या वर्गशिक्षिका असलेल्या बेनना (इकडे बाईंना बेन म्हणतात) मी एप्रिलमध्येच सांगून ठेवले होते की, निकालाच्या दिवशी ज्या ज्या मुलाची वही मिळेल ती ठेवून घ्या. त्यांनी सगळ्या वह्यांचा सुतळीने बांधलेला गठ्ठा माझ्या हवाली केला. आमची शाळा वडोदऱ्याच्या जुन्या वस्तीतली, गुजराती माध्यमाची. वर्गात घरी मराठी बोलणारी मुले आहेत, गुजराती आणि हिंदी बोलणारी आहेत, आणि दाहोद, छोटा उदेपूरकडून बांधकामाच्या मजुरीसाठी आलेल्या कुटुंबांतलीही आहेत, ज्यांच्या घरची बोली या तिन्हींहून वेगळी आहे. उन्हाळ्याची ३५ दिवसांची सुट्टी लागली की दुपारी घराबाहेर पडण्याची सोय नसते, आणि त्या दुपारी या वह्या वाचणे हेच माझे मुख्य काम असते.

शाळेत तयारी म्हणून जी कामे गणली जातात ती सगळ्याच शिक्षकांना तोंडपाठ असतात. वार्षिक नियोजन, घटक नियोजन, टाचणवही, वेळापत्रक, हजेरीपत्रकात नावे चढवणे, भिंतीवरचे फाटलेले तक्ते बदलणे. ही कामे करावीच लागतात आणि ती वेळेवर झाली तर वर्ष सुरळीत जाते, याबद्दल माझे दुमत नाही. परंतु त्यांतली बहुतेक कामे पाठ्यपुस्तक समोर ठेवून केली जातात. पहिला पाठ जूनमध्ये, दुसरा जुलैमध्ये, अशी महिन्यांची वाटणी झाली की नियोजन पूर्ण झाले असे आपण मानतो. त्या कागदावर मूल कुठेच नसते. तोच कागद मागच्या वर्षीच्या वर्गाला लागू पडला असता आणि पुढच्या वर्षीच्या वर्गालाही लागू पडेल. माझ्या मते तो कागद हाती घेण्याआधी शिक्षकाने एक गोष्ट शोधून ठेवली पाहिजे: जूनमध्ये आपल्यासमोर बसणारी ही मुले गणितात प्रत्यक्ष कुठवर आली आहेत? गुणपत्रकातून ते कळत नाही. गुणपत्रक किती उत्तरे बरोबर आली ते सांगते. चुकलेल्या उत्तरांत काय दडले आहे ते वहीतच पाहावे लागते.

एक उदाहरण देते. वहीत वजाबाकी आहे, ५०३ वजा २७८. उत्तर २२५ यायला हवे. एका मुलाने ३७५ लिहिले आहे आणि एका मुलीने ३२५. दोघांच्याही उत्तरावर लाल फुली आहे, त्यामुळे गुणांच्या हिशेबात ही दोन मुले अगदी सारखी ठरतात. मुलाने प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक काढून टाकला आहे: आठातून तीन गेले, राहिले पाच, सातातून शून्य गेले, राहिले सात, पाचातून दोन गेले, राहिले तीन. वरच्या संख्येतून खालची वजा करायची आहे, याला त्याच्या लेखी काही महत्त्वच नाही, कारण ५०३ ही त्याला एक संख्या वाटत नाही, शेजारी शेजारी ठेवलेले तीन सुटे अंक वाटतात. मुलीला हातचा घ्यायचा असतो हे पक्के ठाऊक आहे. तिने तिनाचे तेरा केले, शून्याचे नऊ केले, तेरातून आठ गेले पाच, नवातून सात गेले दोन, इथपर्यंत सगळे बरोबर केले. मात्र ज्या पाचाकडून हे सारे उसने आणले त्या पाचाचे चार करायचे तिच्या रीतीत नाही. शून्याचे नऊ होतात एवढे तिने पाठ केले आहे. ते नऊ कोठून आले हे तिला कोणी विचारलेले नाही.

या दोन मुलांना जूनमध्ये वेगवेगळे काही तरी द्यावे लागणार आहे. मुलीचे काम कदाचित एका तासात होईल. मुलाला दशक आणि शतक म्हणजे काय इथपासून सुरुवात करून द्यावी लागेल आणि त्याला कित्येक दिवस लागतील. दोघांनाही सरसकट “घरून दहा वजाबाक्या सोडवून आण” असे सांगितले तर मुलगा तीच चूक दहा वेळा गिरवून आणेल आणि ती आणखी पक्की होईल. जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन या अमेरिकी संशोधकांनी १९७८ मध्ये वजाबाकीतल्या अशा चुकांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. वरवर पाहता कशाही झालेल्या वाटणाऱ्या चुकांमागे पुष्कळदा एक ठराविक रीत असते आणि मूल ती चुकीची रीत उदाहरणामागून उदाहरणात इमानाने पाळत असते, हे त्यांनी दाखवून दिले. हे एकदा मनात ठसले की वही तपासण्याची नजर बदलते. एकाच चुकलेल्या उत्तरावरून काही ठरवता येत नाही, पण त्याच मुलाची चार-पाच उदाहरणे शेजारी शेजारी ठेवली की त्याची रीत दिसू लागते. “लक्ष नाही”, “वेंधळेपणा करतो” असे शेरे आपण प्रगतिपुस्तकात सहज लिहून जातो, आणि त्या शेऱ्यांवर पुढच्या वर्षीच्या शिक्षकाला काहीही करता येत नाही. “वजाबाकीत वरचा अंक लहान असला की उलटी वजाबाकी करतो” असे लिहिले तर मात्र कामाला सुरुवात करता येते.

वह्यांमधल्या बाकीच्या चुका मी एका कोऱ्या वहीत, प्रत्येक मुलाच्या नावाचे पान करून, उतरवत गेले. ६१८ भागिले ६ याचे उत्तर कित्येकांनी १३ असे लिहिले होते, खरे उत्तर १०३ आहे. सहात सहा एकदा गेले, एकात भाग जात नाही म्हणून पुढचा आठ खाली घेतला, अठरात सहा तीनदा गेले. सगळी कृती बरोबर, फक्त भाग गेला नाही तिथे शून्य मांडायचे राहिले. सहाशे अठरा रुपये सहा जणांत वाटले तर प्रत्येकाला तेराच रुपये कसे मिळतील, ही शंका त्यांना आली नाही. २३ गुणिले १४ करताना दुसऱ्या ओळीत एककाखाली शून्य किंवा फुली न मांडल्यामुळे ९२ आणि २३ यांची बेरीज ११५ झाली होती, जिथे उत्तर ३२२ आहे. श्रुतलेखनात ‘चारशे सात’ असे ऐकून ४००७ लिहिणारी मुले अजूनही होती, म्हणजे चारशे आधी पूर्ण लिहायचे आणि त्याच्यापुढे सात जोडायचे. त्रेपन्न ऐकून ३५ लिहिणारीही होती. मराठीत काय किंवा गुजरातीत काय, शंभराच्या आतल्या बहुतेक संख्या बोलताना आपण एकक आधी म्हणतो आणि लिहिताना दशक आधी लिहितो. त्यात शंभराच्या पुढे शतक बोलण्यातही पहिले आणि लिहिण्यातही पहिले. इतकी कसरत आपल्या भाषा मुलांकडून करून घेतात, आणि बहुतेक मुले ती करतातही, याचे मला नेहमी कौतुक वाटते.

पाने भरत गेली तसे एक लक्षात आले. वजाबाकी, भागाकार, गुणाकार, संख्यालेखन ही प्रकरणे पुस्तकात लांब लांब असली तरी या वर्गाच्या चुका बऱ्याच अंशी एकाच ठिकाणी येऊन मिळत होत्या. ५०३ मधले शून्य, १०३ मधले शून्य, गुणाकाराच्या दुसऱ्या ओळीतले शून्य आणि ४००७ मधले जादाचे शून्य. शून्य रिकामी जागा राखून ठेवते आणि त्या जागेची किंमत डावीकडे गेले की दहापट होते, एवढा एकच विचार या मुलांच्या मनात डळमळीत आहे. तो पक्का झाला नाही तर पाचवीतली मोठ्या संख्यांची प्रकरणे, दशांश अपूर्णांक आणि किलोमीटर-मीटरची रूपांतरे ही सगळी त्याच डळमळीत जागेवर उभी राहणार. म्हणून यंदाच्या जूनचे पहिले तीन आठवडे मी स्थानिक किमतीला दिले आहेत. पुस्तकातला पहिला पाठ चौथ्या आठवड्यात सुरू होईल. हे वार्षिक नियोजनात तसेच लिहून आचार्यांना, म्हणजे मुख्याध्यापकांना, दाखवले, वह्यांतली उदाहरणेही दाखवली, आणि त्यांनी ते मान्य केले.

इथे एक आक्षेप येऊ शकतो, आणि तो योग्य आहे. वह्या एप्रिलच्या आहेत. मधल्या सुट्टीत मुले कितीतरी विसरलेली असणार, मग जुन्या वहीवरून जूनचा अंदाज कसा बांधायचा? सुट्टीत शिकलेले विसरले जाते हे तर खरेच आहे. अमेरिकेतल्या हॅरिस कूपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये या विषयावरच्या अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला, तेव्हा सुट्टीनंतर मुले साधारण महिनाभराच्या शिक्षणाइतकी मागे पडलेली दिसली, आणि ही घसरण आकडेमोडीत आणि स्पेलिंगमध्ये अधिक होती. त्यांची सुट्टी आपल्यापेक्षा लांब असते, तरी कृती सरावाअभावी विसरल्या जातात हा अनुभव आपल्याही वर्गांतला आहे. पण याच कारणाने मला जुनी वही अधिक मोलाची वाटते. एप्रिलच्या वहीत भागाकार बरोबर आहे आणि जूनमध्ये तो येत नाही, तर ते मूल विसरले आहे. दोन-चार दिवस हात फिरला की त्याला आठवेल, त्याला पुन्हा मुळापासून शिकवणे म्हणजे त्याचा आणि आपला वेळ घालवणे. एप्रिलमध्येही चूक आणि जूनमध्येही तीच चूक, तर ते मुळात कधी समजलेलेच नव्हते, आणि तिथे नुसती उजळणी कितीही घेतली तरी काही उपयोग होणार नाही. जूनमध्ये फक्त चाचणी घेतली तर ही दोन्ही मुले एकाच खान्यात पडतात, आणि मग पहिला महिना सगळ्या वर्गाची सरसकट उजळणी करण्यात जातो, जिच्यात ज्यांना येते ती कंटाळतात आणि ज्यांना येत नाही ती तशीच राहतात.

तेव्हा जूनमध्ये तपासणी हवीच, परंतु ती लेखी नको. पहिल्या आठवड्यात मी एकेका मुलाला जवळ बसवून पाच-सहा मिनिटे तोंडी विचारते. बाकीचा वर्ग तेवढ्या वेळात चित्र काढतो, वाचनपेटीतली पुस्तके चाळतो किंवा पाटीवर पाढे लिहितो. मुलांना वाचन आणि गणित कितपत येते हे पाहणारी, ग्रामीण भागात होणारी आणि दरवेळी चर्चेत येणारी ‘असर’ची पाहणीही अशीच, मुलाजवळ बसून, तोंडी घेतली जाते. २०२२ च्या त्या पाहणीत तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागण्याचे उदाहरण पाचवीच्या २५.६ टक्के मुलांनाच सोडवता आले होते. असा आकडा वाचून हळहळण्यापेक्षा त्या पाहणीची रीत उचलावी, असे मला वाटते. मी विचारते त्या गोष्टी अगदी थोड्या असतात: एक तीन अंकी संख्या वाचून दाखव, मी सांगते ती लिही, एक वजाबाकी, एक भागाकार, आणि शेवटी दोन ओळींचे एक शाब्दिक उदाहरण मोठ्याने वाचून त्यात काय विचारले आहे ते सांग. उत्तर बरोबर आले तरी आणि चुकले तरी माझा पुढचा प्रश्न एकच असतो, “कसं केलंस ते मला सांग.” मागे एका मुलाने यावर गंभीरपणे सांगितले होते, “बेन, शून्यातून सात जात नाहीत, म्हणून मी सातातून शून्य घालवलं.” त्याच्या बोलण्यात तर्क होता. त्याने नियमात बसेल असा मार्ग शोधला होता. त्याला नुसते “चूक” म्हणून सांगितले असते तर आपला तर्क कुठे अडला हे त्याला कधीच समजले नसते.

शाब्दिक उदाहरण मोठ्याने वाचून घेण्यालाही कारण आहे. गणितात नापास ठरणारी पुष्कळ मुले प्रत्यक्षात वाचनात अडखळत असतात. ज्याच्या घरी मराठी किंवा हिंदी बोलली जाते आणि ज्याला गुजराती लिपी अजून सरावाची झालेली नाही, त्याचे सगळे बळ अक्षर जुळवण्यात संपते आणि वाक्याच्या शेवटी पोहोचेपर्यंत सुरुवातीचा आकडा तो विसरलेला असतो. अशा मुलाला तेच उदाहरण मी वाचून दाखवले आणि त्याने ते चटकन सोडवले, तर त्याच्या पानावर गणिताऐवजी वाचनाची नोंद होते. त्यासाठी एक पत्र्याची पेटी पुस्तकांनी भरून वर्गात ठेवते. या शहराने १९१० नंतरच्या काळात लाकडी पेट्यांमधून गावोगावी फिरती वाचनालये पाठवलेली आहेत, तेव्हा वर्गात एक पेटी असणे ही काही मोठी मागणी नव्हे.

आता साहित्याविषयी. दुकानात मिळणारे रंगीत संच चांगले असतात, पण मला आईस्क्रीमच्या काड्या, रबरबँड आणि जाड कागदावर काढलेल्या शंभर, दहा आणि एक रुपयाच्या खोट्या नोटा पुरतात. दहा काड्यांचा एक जुडगा, दहा जुडग्यांचा एक भारा, हे मुलांनी स्वतः बांधायचे. बांधलेले आणून दिले तर त्यातला अर्थच जातो. नोटांचे काम त्यानंतरचे. मुलाच्या हातात शंभराच्या पाच नोटा आणि एक रुपयाच्या तीन नोटा द्यायच्या, दहाची एकही द्यायची नाही, आणि त्याला सांगायचे की भाजीवाल्याला २७८ रुपये दे. आठ रुपये सुटे नाहीत. दहाची नोट मोडावी म्हटले तर ती नाही. शेवटी तो शंभराची एक नोट घेऊन ‘बँकेत’ बसलेल्या मित्राकडे जातो, दहाच्या दहा नोटा आणतो, त्यांतली एक पुन्हा मोडून रुपयाच्या दहा आणतो, आणि त्याच्या समोर शंभराच्या चार, दहाच्या नऊ आणि रुपयाच्या तेरा नोटा पडलेल्या असतात. शून्याचे नऊ कसे झाले आणि पाचाचे चार का झाले, हे त्याला मी सांगायची गरज राहत नाही. त्याच वेळी शेजारी फळ्यावर उभी मांडणी करायची. नोटांची प्रत्येक देवघेव झाली की फळ्यावरचा आकडा लगेच खोडून बदलायचा. हा दुवा सुटला तर नोटांचा खेळ हा खेळच राहतो आणि वहीतली वजाबाकी जशीच्या तशी चुकत राहते.

हा दुवा आपोआप जुळत नाही, याबद्दल मी इतकी ठाम आहे त्याला कारण आहे. खंडेराव मार्केटच्या बाजूला भाजीची गाडी लावणाऱ्यांची मुले आमच्या शाळेत असतात. सव्वा किलो भेंडी आणि अर्धा किलो टोमॅटो यांचा हिशेब ती गिऱ्हाइकाच्या आधी सांगतात, आणि तीच मुले वहीत हातच्याच्या बेरजेला अडतात. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात रस्त्यावर माल विकणाऱ्या मुलांचा असाच अभ्यास १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला होता. अलीकडे २०२५ मध्ये अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांच्यासह काही संशोधकांनी कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांविषयी हेच मांडले: बाजारातले व्यवहार ती मुले सहज करतात आणि शाळेच्या पद्धतीने मांडलेली तीच आकडेमोड त्यांना जमत नाही, उलट शाळेतली मांडणी जमणाऱ्या मुलांना बाजारातला हिशेब जमत नाही. दोन्ही बाजूंची मुले एकाच वर्गात असणे हे मी माझे भाग्य समजते. बाकांची जागा ठरवताना यंदा मी गाडीवर बसणाऱ्या मुलांशेजारी वही नेटकी ठेवणारी मुले बसवणार आहे, आणि नोटांच्या कामात पहिली मुले शिकवतील, फळ्यावरच्या मांडणीत दुसरी.

वेळेचा हिशेब मात्र कठोरपणे करावा लागतो. शिक्षणहक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाला २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन ठरवले आहे, म्हणजे दिवसाला सरासरी चार तास, सगळ्या विषयांना मिळून. त्याच कायद्याच्या परिशिष्टात शिक्षकाचे आठवड्याचे ४५ तास सांगितले आहेत आणि त्यांत तयारीचे तास धरले आहेत. तयारी हे कामच आहे असे कायद्याने मान्य केले आहे, ही गोष्ट आपण शिक्षकांनीही विसरू नये. घरी, रात्री, घाईघाईने उरकण्याची ती बाब नव्हे. प्रत्यक्ष दिवस मोजताना वडोदऱ्याचे वर्ष डोळ्यांसमोर ठेवावे लागते. ३१ जुलै २०१९ रोजी एका दिवसात अठरा इंचांहून अधिक पाऊस पडला होता, आणि ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस विश्वामित्री नदीचे पाणी शहरात शिरले, तेव्हा शाळा बंद राहिल्याच, शिवाय पाणी ओसरल्यावरही मुलांच्या घरांत पुस्तके आणि वह्या शिल्लक नव्हत्या. नवरात्रात मुले रात्री उशिरापर्यंत गरब्याला असतात, त्या दिवसांत नवीन प्रकरण सुरू करण्यात अर्थ नसतो. दिवाळीची २१ दिवसांची सुट्टी, जानेवारीतली उत्तरायण, म्हणजे पतंगांची संक्रांत, आणि निवडणूक किंवा जनगणना आली की त्यांची कामे, जी कायद्यानेच शिक्षकांना करावी लागतात. म्हणून ऑगस्टचा शेवटचा आठवडा मी नियोजनात मुद्दाम कोरा सोडते आणि अवघड प्रकरणे एक तर जुलैत किंवा नोव्हेंबर-डिसेंबरात घेते.

पाचवीच्या बाबतीत हे अधिक जपावे लागते, कारण कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी आणि आठवीच्या अखेरीस नियमित परीक्षा घेण्याची, आणि पुनर्परीक्षेतही अनुत्तीर्ण झालेल्या मुलाला त्याच वर्गात ठेवण्याची मुभा राज्यांना दिली आहे. परीक्षा असावी की नसावी या वादात मला इथे शिरायचे नाही. पण चौथीपर्यंत कोणाच्या लक्षात न आलेली चूक पाचवीच्या अखेरीस मुलाला एक वर्ष मागे ठेवू शकते, आणि ती चूक जूनमध्ये वहीत उघड दिसत होती, ही स्थिती मला असह्य वाटते.

पहिलीच्या मुलांचा प्रवेशोत्सव गुजरातमध्ये २००३ पासून होतो. पाहुणे येतात, मुलांना दप्तर मिळते, वाजतगाजत त्यांना शाळेत आणले जाते. तो सोहळा मला मनापासून आवडतो. पाचवीत येणाऱ्या मुलासाठी असा काही दिवस नसतो. ते आपोआप वरच्या मजल्यावरच्या वर्गात येऊन बसते, आणि त्याला जे येत नाही तेही त्याच्याबरोबर निमूटपणे वर चढते. या शहरात शिक्षणाचे बोलणे निघाले की सयाजीराव महाराजांचे नाव येतेच, आणि १८९३ मध्ये अमरेलीत सुरू करून १९०६ मध्ये सबंध संस्थानात लागू केलेल्या सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाबद्दल ते घेतले जाते. शिक्षक म्हणून मला त्यांच्या आयुष्यातली त्याआधीची गोष्ट अधिक जवळची वाटते. मालेगावजवळच्या कवळाण्यातून १८७५ मध्ये बडोद्याला आणले तेव्हा ते बारा वर्षांचे होते आणि त्यांचे शिक्षण अक्षरओळखीपासून सुरू करावे लागले. पुढे १८८१ च्या डिसेंबरात त्यांनी राज्यकारभाराची पूर्ण सूत्रे हाती घेतली. वय बारा आहे म्हणून बाराव्या वर्षाचा अभ्यास त्यांच्यापुढे ठेवला गेला नाही. मूल जिथे आहे तिथून शिकवायला सुरुवात झाली. त्यांना त्यासाठी स्वतंत्र शिक्षक मिळाले, आपल्या मुलांना तीस-पस्तीस जणांत मिळून एक शिक्षक मिळतो, हा फरक मोठा आहे. तरी सुरुवात कुठून करायची हे ठरवणे आपल्या हाती राहतेच.

पालकांच्या पहिल्या सभेत मी गुणांविषयी बोलणार नाही. दोनच गोष्टी सांगणार आहे. चुकलेले उदाहरण खोडरबराने पुसून टाकू नये, त्याच्या बाजूला नवे सोडवावे, कारण पुसलेल्या जागेवरून मला काही कळत नाही. आणि आजी-आजोबा घरी मराठीतून पाढे म्हणून घेत असतील तर ते बंद करू नये. दोन भाषांतून पाढे आल्याने मूल गोंधळते, अशी समजूत अनेक आईवडिलांची असते, आणि ती काढून टाकण्यासाठी मी त्यांना वर्गातच एखाद्या मुलाकडून दोन्ही पाढे म्हणवून दाखवते.

एक गोष्ट अजून पुरती मार्गी लागलेली नाही. दाहोदकडची कुटुंबे पहिला पाऊस पडला की पेरणीसाठी गावी जातात आणि त्यांची मुले जुलैच्या मध्यात, कधी त्याहूनही उशिरा, वर्गात येतात. तोवर स्थानिक किमतीचे तीन आठवडे संपलेले असतात, आणि या मुलांच्या चौथीच्या वह्याही बहुधा हाती आलेल्या नसतात, म्हणजे ज्यांच्याविषयी सर्वांत जास्त कळायला हवे त्यांच्याविषयीच माझ्या नोंदवहीतली पाने कोरी आहेत. त्यांच्यासाठी तोंडी तपासणीचे कागद आणि काड्या-नोटांचा एक संच कपाटात वेगळा ठेवला आहे. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर अर्धा तास वर्ग उघडा ठेवण्याची परवानगी आचार्यांनी दिली आहे. जून संपेपर्यंत ज्या मुलांना नोटांचे काम नीट समजले असेल त्यांच्यापैकी दोघे-तिघे त्या अर्ध्या तासात माझ्याबरोबर थांबतील; त्यांच्या आयांना मी त्याबद्दल आधीच विचारून ठेवले आहे.